पाहणीत मासाही पाहावा

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

एप्रिल २०२५मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा आम्हां शेततळेवाल्यांना मनापासून आनंद झाला. सिन्नर तालुक्यात डाळिंबासाठी केलेल्या माझ्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. मध्यंतरी पाहणी झाली. लांबी-रुंदी मोजली, बोटुकलीच्या, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटभर पिल्लांच्या, पावत्या पाहिल्या, फोटो काढले. पाण्यातला मासा कसा आहे, हे कुणी पाहिलं नाही. पाहणीच्या नमुन्यात, म्हणजे फॉर्ममध्ये, तसा रकानाच नव्हता.

गेल्या वैशाखात बागेला पाणी देता देता तळं निम्म्यावर आलं. मासे मात्र तेवढेच. दोन दिवस आभाळ भरून होतं, त्यात रात्री लाईट गेली आणि पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर बंद पडला. पहाटे पाचला बॅटरी मारली तर सगळे रोहू तोंडं वर काढून हवा गिळत होते, कल्ल्यांची झाकणं भराभरा हलत होती. रात्री पाण्यातलं शेवाळही प्राणवायू ओढतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असावा. ३च्या खाली गेला की मासा तगमगतो. त्या दिवशी चाळीसेक मासे मेले, तेवढेच हिशेबात आले. जे जगले, त्यांच्या त्या रात्रीची नोंद कुठेच नाही.

मेला नाही म्हणजे बरा आहे, असं आपण धरून चालतो. तिलापिया कमी प्राणवायूतही तग धरतो, म्हणून त्याला दाटीत ठेवलं जातं. पंगस तर एरवीही हवा घ्यायला वर येतो, त्याला रोहूची खूण लावून चालणार नाही. जातीगणिक पारख वेगळी. पण पर फाटलेत का, खवले गळलेत का, खाद्याला मासे धावतात का, हे कुणालाही दिसतं. अंगावर ऊ झाली की मासा तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाला अंग घासतो. बैल घेताना आम्ही दात, खूर, डोळे पाहतो. इथे जाळं ओढून वीस मासे हातात घ्यायचे, एवढंच.

काढणीचं तर मला आजही बोचतं. जिवंत रोहू मी क्रेटमध्ये बर्फावर टाकले. बराच वेळ कल्ले उघडत-मिटत होते. डोक्यावर नेमका टोला देऊन आधी बेशुद्ध करता येतं, हे कोणत्याही प्रशिक्षणात मला शिकवलं नव्हतं. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जीव ‘प्राणी’ आहे. मासा त्यातून वगळलेला नाही.

साहेब, पाहणीच्या नमुन्यात माशाच्या अवस्थेचा रकाना घाला, धरणांतल्या मासे पाळायच्या पिंजऱ्यांनाही तो लावा. तालुक्याला प्राणवायू मोजायचं एक यंत्र द्या. आणि बोटुकली किती सोडायची, हे भरल्या तळ्यावर नाही, उन्हाळ्यात उरणाऱ्या पाण्यावर ठरवा. आमची तळी फाल्गुनातच खाली जायला लागतात, त्याआधी आदेश निघावा.

आपला,
सिन्नर तालुक्यातील एक मत्स्यपालक शेतकरी