त्या वीस मिनिटांबद्दल

पक्या,

परवा फोनवर तू म्हणालास कासारवडवलीला फ्लॅट बघतोय, ठाणे स्टेशन किती लांब पडतं, आणि मी पटकन बोलून गेलो, "अरे वीस मिनिटं." किचनमधून बायको एवढ्या जोरात हसली की तुलाही ऐकू आलं असणार. तेव्हा विषय बदलला, पण डोक्यात राहिलंच, म्हणून लिहितोय.

ती वीस मिनिटं माझीच आहेत रे, म्हणजे ब्रोशरमध्ये मीच लिहिलेली. २०१६ ला आमच्याकडे तिथल्या एका बिल्डरचं काम आलं तेव्हा मी आणि डिझायनर रविवारी पहाटे साडेपाचला बाईकवर निघालो, घोडबंदर रोड मोकळा, माजिवड्याला पण कोणी नाही, वीस मिनिटांत स्टेशन! साईटवरचा इंजिनिअर म्हणाला होता, "साहेब, पंचेचाळीस तरी धरा." आम्ही वीसवर चांदणी टाकली आणि खाली बारीक अक्षरात 'वाहतुकीनुसार'. पुढे होर्डिंगवर जागा पुरेना म्हणून चांदणी उडवली. मग बुकिंग ऑफिसात येणाऱ्यांना तेच सांगत राहिलो आणि सांगता सांगता मलाच पटलं, इतकं की २०१९ ला तिथेच फ्लॅट घेतला, कर्ज काढून. हसू नकोस.

बायको रोज बसने स्टेशन गाठते. ती कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलने मिनिटं लिहिते, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. ५२, ४८, ७५, गणपतीच्या आदल्या दिवशी तर नुसती फुली. आणि मी काय म्हणायचो माहितीये? आज ट्रक बंद पडला असेल, आज गायमुख घाटात काम चालू असेल, आज मेट्रोवाल्यांनी बॅरिकेड सरकवले असतील. रोजचा दिवस अपवाद आणि तो एक रविवार नियम!

मध्ये नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाबद्दल वाचत होतो. १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान तुटलं, सातही जण गेले. चौकशी समितीत फाइनमन हा भौतिकशास्त्रज्ञ होता, त्याला दिसलं की यान गमवायची शक्यता काम करणारे इंजिनिअर शंभरात एक सांगतायत आणि नासाचे साहेब लोक लाखात एक. म्हणजे रोज एक यान सोडलं तरी जवळजवळ तीनशे वर्षांत एकदाच अपघात! फाइनमनला वाटलं, एकतर सरकारकडून पैसे मिळत राहावेत म्हणून सांगत असतील, नाहीतर खरंच तसं मानत असतील. मला विचारशील तर आधी पहिलं असणार आणि मग दुसरं. तिथे माणसं गेली, माझी नुसती लोकल जाते, पण आमचा तो पंचेचाळीसवाला इंजिनिअर मला फार आठवला.

तू फ्लॅट घेऊ नकोस असं नाही म्हणत, हवा चांगली आहे, बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसतो (हे खरंय, बायकोला विचार). फक्त रविवारी येऊ नकोस. बुधवारी रजा टाक, आदल्या रात्री आमच्याकडे राहा आणि सकाळी साडेआठला बायकोबरोबर बसमध्ये चढ. पेन्सिल ती देईल.

तुझा,
नित्या