क्रोमाच्या पडद्यासमोर हिरवा चुडा

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पर्जन्यछायेच्या पाठाचा व्हिडिओ काल दहावीच्या मुलांना दाखवला. त्यात मी नकाशावर महाबळेश्वरला बोट ठेवते आणि हात हळूहळू पूर्वेला माण तालुक्याकडे नेते. जिल्हा एकच, सातारा. पण इकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि तिकडे जेमतेम ५०० च्या आसपास. हात सरकतो तशा हातातल्या बांगड्याही सरकतात, एकूण एक. त्या तिथे दिसतात त्या तुमच्यामुळे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तुम्ही येण्याआधीचं चित्रण तुम्ही पाहिलंच होतं. हिरव्या पडद्यासमोर हिरवा चुडा. क्रोमाच्या पडद्याचा रंग संगणक काढून टाकतो आणि त्या जागी नकाशा बसवतो. पण त्याने पडद्याबरोबर बांगड्याही काढून टाकल्या आणि मनगटाच्या जागी सह्याद्रीची रांग दिसू लागली. पंजा एकीकडे, हात दुसरीकडे. एका स्टुडिओत विचारलं, तर ‘बांगड्या काढून या’ एवढंच उत्तर मिळालं. तो चुडा लग्नात आईने कासाराला समोर बसवून भरवला होता, आणि त्यानंतर दोन महिन्यांत ती गेली. हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. तुम्ही हाताकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, “बांगड्या राहू देत. पडदा बदलू.”

निळा पडदा लावला म्हणजे तुमचं काम किती वाढणार होतं, ते मला नंतर कळलं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चार घरांच्या प्रत्येक चौकडीत दोन घरं हिरव्याची, एक लालचं आणि एकच निळ्याचं. म्हणून हिरवा रंग सर्वांत स्वच्छ नोंदला जातो आणि निळ्यात दाणे लवकर दिसतात. फिल्मच्या काळात निळाच पडदा जास्त चालायचा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जुनी ओळख भेटल्याचा आनंद होता. मग तुम्ही आमच्या हॉलमधले पिवळे बल्ब बंद केलेत, कारण त्यांच्या उजेडात निळा अंश फार थोडा असतो, आणि दिवसाच्या उजेडाचे एलईडी लावलेत. निळ्याला उजेड जास्त द्यावा लागतो म्हणून शेजारच्या शाळेतून आणखी दोन दिवे मागवलेत. अरबी समुद्रही निळाच, तो पुसला जाईल का, असं मी काळजीने विचारलं. नकाशा मागाहून बसतो, कॅमेऱ्यासमोर जे उभं आहे तेवढंच कटतं, हे तुम्ही न चिडता दोनदा समजावलंत.

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते अंतर. मी पडद्यापासून दोन फुटांवर उभी राहत होते. माझी सावली पडद्यावर पडायची आणि पडद्याचा रंग माझ्या खांद्यांवर, केसांवर आणि साडीच्या जरीवर उतरायचा. जरीचे धागे तर आरशासारखे, समोर येईल तो रंग उचलतात. तुम्ही आठ फूट मोजून जमिनीवर खडूने फुली मारलीत. “पडद्याचे दिवे पडद्याचे, तुमचे दिवे तुमचे. एकमेकांच्या घरात जायचं नाही,” हे तुमचं वाक्य मी आता मुलांना प्रकाशाच्या पाठातही सांगते. डावीकडचा दिवा तुम्ही पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागाकडे वळवलात आणि उजवीकडचा डाव्या, म्हणजे जवळची कड भगभगत नाही आणि मधला भाग काळवंडत नाही. मग लाइट मीटर घेऊन चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी फिरलात. एका कोपऱ्यात काटा थोडा कमी दाखवत होता, तेवढ्यासाठी अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाने माझे नंतरचे तीन दिवस वाचले. पडदा सगळीकडे सारखा उजळला की संगणकाला एकच रंग काढायचा असतो. उजेड उतरता-चढता असला की त्याला दहा छटा ओळखाव्या लागतात आणि त्यात केसांच्या बटा जातात.

माझ्यामागे वरून दिलेल्या छोट्या दिव्याने केसांना उजळ कड आली आणि गजऱ्याची एकेक कळी सुटी दिसू लागली. चेहऱ्यासाठी थर्माकोलवरून परत आलेला मऊ उजेड, आणि मुख्य दिवा जरा बाजूला, काचेच्या बांगड्यांवर चकाकी उठू नये म्हणून. सुरकुत्यांसाठी पडद्याला इस्त्रीही तुम्ही स्वतःच केलीत, मला हात लावू दिला नाहीत.

कॅमेऱ्यात तुम्ही शटर १/१०० सेकंदावर ठेवायला सांगितलंत. १/५० वर फिरता हात पुसट होत होता, आणि पुसट कडेत पडद्याचा रंग मिसळतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १/१०० वरही दिवे लुकलुकत नाहीत. आपोआप बदलणारं सगळं बंद: एक्स्पोजर म्हणजे उजेडाचं माप, व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल, आणि फोकस. आमचा कॅमेरा चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतो, म्हणून कडा दातेरी निघतात, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. त्यामुळे ते दिसलं तेव्हा मी घाबरले नाही. कडा थोड्या मऊ केल्या आणि पुढे गेले.

तुम्ही एसटीचं भाडंसुद्धा घेतलं नाहीत. निघताना फक्त एवढंच म्हणालात की कापडाची घडी घालू नका, पाइपवर गुंडाळून ठेवा. तसंच ठेवलं आहे.

पुढचा पाठ नद्यांचा आहे. तो दुसऱ्या बाई घेणार आहेत, त्यांना त्या दिवशी निळी साडी नेसायची आहे. म्हणून हिरवा पडदा पुन्हा काढला आणि या वेळी इस्त्री मी केली. आठ फुटांवरची खडूची फुली अजून पुसलेली नाही.

आपली,
भूगोलाच्या बाई