पावसाआधी एक छप्पर हवं आहे: कोथरूडमधील रहिवासी आणि दुकानदारांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

"आम्ही घरात ओला-सुका वेगळा करतो आणि खाली गेल्यावर सगळं एकाच गाडीत पडतं. मग करायचं कशाला?" सोसायट्यांच्या बैठकांत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारेही बहुतेक वेळा तेच असतात, जे खरोखर कचरा वेगळा करतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सगळीकडे आणि रोज नसलं, तरी आपल्या भागातल्या काही गल्ल्यांत पावसाळ्यात हे घडतं. ते का घडतं हे सांगावं आणि ते थांबवायला मदत मागावी, यासाठी हे पत्र आहे.

दारावर कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी आणि काका महापालिकेचे पगारी नोकर नाहीत, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. १९९३ साली डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटीमधल्या कार्यकर्त्या प्राध्यापिकांच्या पुढाकारातून पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे त्यातूनच कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. महापालिकेशी झालेल्या करारानुसार तिचे सभासद घरोघरी कचरा घेतात. त्यांना पैसे दोन बाजूंनी मिळतात. घरटी दरमहा मिळणारं शुल्क ही एक बाजू. सुक्या कचऱ्यातून जे विकलं जाईल त्याची कमाई ही दुसरी, आणि ती पूर्णपणे आपल्या बादलीवर अवलंबून असते. रद्दीवर कालची आमटी सांडली की तिची रद्दी राहत नाही, कचरा होतो.

सकाळची घरं आटोपली की ढकलगाडी कोपऱ्यावर लावून फूटपाथवरच निवडायचं काम सुरू होतं. पुठ्ठा एकीकडे, पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा. पाण्याच्या पारदर्शक बाटल्या निराळ्या, शाम्पूच्या जाड बाटल्या निराळ्या. दुधाच्या पिशव्या, पत्रा, काच, सगळ्यांच्या गोण्या वेगळ्या, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा. बाटलीचं झाकण पिळून काढायचं आणि बाटली टाचेखाली चेपायची, कारण फुगलेल्या बाटल्यांनी गोणी भरते पण वजन भरत नाही. हे काम इतक्या सफाईने चालतं की नुसतं बघत राहावं. पण ते चालतं उकिडवं बसून, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर.

जूनची पहिली सर आली की सगळं कोलमडतं. ओला झालेला पुठ्ठा भंगारवाला पाण्याचं वजन कापून घेतो, नाहीतर घेतच नाही. गोण्या ठेवायला आडोसा नाही. दुकानासमोर ठेवल्या तर दुकानदार कटकट करतात (हे पत्र दुकानदारांनाही देत आहोत, तेव्हा मोकळेपणानेच लिहितो). कचऱ्याची गाडी ठरल्या वेळी येते आणि थांबत नाही. शेवटी घाईघाईत होतं नव्हतं ते गाडीत जातं. आपण वेगळा करून दिलेला कचरा एकत्र होतो तो या ठिकाणी. त्यामागे कुणाचा आळस नाही, डोक्यावर छप्पर नाही एवढंच कारण आहे.

म्हणून मागणी आहे ती सुका कचरा निवडण्यासाठी एका शेडची. परिसरातल्या एका सोसायटीने मागच्या बाजूची, रस्त्याला लागून असलेली मोकळी पट्टी वापरायला दिली आहे. त्यांच्या सर्वसाधारण सभेत तसा ठराव झाला आहे. लागणाऱ्या परवानग्या हातात पडल्याशिवाय खांब उभे राहणार नाहीत, हेही इथेच स्पष्ट करतो. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पत्रे, खाली कोबा, एक नळ, एक स्वच्छतागृह आणि कमरेइतक्या उंचीचं लांब टेबल, एवढाच आराखडा आहे. यातलं टेबल आणि स्वच्छतागृह खर्चाच्या नावाखाली कापायला आम्ही तयार नाही. वर्षानुवर्षं वाकून निवडणाऱ्या बाईच्या गुडघ्यांचं आणि कंबरेचं काय होतं, ते डॉक्टरला विचारायची गरज नाही. आणि आपल्या घरचा कचरा उचलणाऱ्या बाईला दिवसभर जायला जागा नसावी, ही गोष्ट कोथरूडसारख्या वस्तीला शोभणारी नाही.

आता नियमांबद्दल, कारण "हे सगळं ऐच्छिकच ना?" असंही विचारलं जातं. ते ऐच्छिक नाही. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला आणि प्रत्येक व्यवसायाला कचरा जागेवरच वेगळा करणं बंधनकारक केलं. तेव्हा भाग तीन होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. त्यांच्या जागी आलेले २०२६चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आणि आता भाग चार झाले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर आणि सॅनिटरी पॅड आता कायद्यानेही वेगळेच द्यायचे आहेत. रंगाचे डबे, ट्यूब आणि बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं हे सगळं चौथ्या डब्यात. ज्या आवारात दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा होतो, किंवा २० हजार चौरस मीटर आणि त्यापुढचं बांधकाम आहे, किंवा रोज ४० हजार लिटर आणि त्यापुढे पाणी लागतं, ते मोठे कचरा निर्माते ठरतात. त्यांच्यावर ओल्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आहे. आपल्या भागातल्या दोन-तीन मोठ्या संकुलांनी आणि मंगल कार्यालयांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

नियम सांगितले ते माहितीसाठी. दंडाची भीती घालून वर्गणी गोळा करायची आमची इच्छा नाही. दंड करणं हे महापालिकेचं काम आहे, आमचं नाही.

खरं तर कोथरूडकरांना कचऱ्याबद्दल कायद्याने काही सांगावं लागू नये. आज वनाझला जिथे मेट्रोच्या गाड्या उभ्या राहतात, तिथे एके काळी शहराचा कचरा डेपो होता. त्या वासात राहिलेली माणसं आपल्यात अजून आहेत. त्यांना विचारा, संध्याकाळी वारा फिरला की खिडक्या कशा लावून घ्याव्या लागत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो कचरा इथून गेला आणि उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी बसला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, ढिगांना आगी लागल्या, गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा गाड्या अडवाव्या लागल्या. आपल्या खिडक्या उघडल्या त्या त्यांच्या बंद झाल्यावर. मिश्र कचऱ्याची प्रत्येक पिशवी आजही कुणाच्या तरी गावाच्या दिशेनेच निघते. आपल्या दारापासून शेडपर्यंत कचरा वेगळा राहिला, तर तेवढं ओझं कमी होतं. कचरा वेगळा ठेवून काय करता येतं, हे कोकणातल्या वेंगुर्ल्याने दाखवलं आहे. जिथे डंपिंग ग्राउंड होतं, तिथे आता बाहेरगावची माणसं बघायला येतात. ओल्यापासून तिथे गॅस होतो आणि सुका वीसहून अधिक प्रकारांत निवडला जातो. ती नगरपरिषद आपल्या एखाद्या प्रभागाहूनही लहान आहे.

शेड झाली तरी तिच्यात काय येतं, यावर बरंच काही आहे. दुधाची पिशवी घ्या. आपण कात्रीने कोपरा कापतो, तो चिमुकला तुकडा ओट्यावरून थेट ओल्यात जातो आणि तिथून खतात. खत चाळताना हेच निळे-पांढरे तुकडे निघतात. कोपरा पूर्ण न कापता पिशवीलाच लोंबत ठेवा, पिशवी विसळून सिंकच्या कडेला वाळत घाला आणि मग सुक्यात टाका. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी कशी वास मारते, ते उघडून बघितलं तर कळेल. मावशी मात्र रोज उघडतात. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही 'स्वच्छ'ने पुण्यात सुरू केलेली पद्धत. त्यामुळे निवडणाऱ्याला न उघडता कळतं की आत काय आहे. फुटलेली काच जाड कागदात बांधून तसं वर लिहा. आपल्या परिसरातल्या एका ताईंच्या तळहातावर अजून टाके आहेत, ते पिशवीत सुटी पडलेल्या ब्लेडमुळे. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून बाजूला काढा, वरचं झाकण पुठ्ठ्यात चालेल. चिप्स आणि गुटख्याच्या चकचकीत पाकिटांना भाव नाही. तीही सुक्यातच द्या, पण त्यातून मावशींना काही मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

दुकानदार आणि व्यावसायिकांना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. तुमच्यापैकी बरेचजण पुठ्ठा स्वतःच भंगारात विकता, त्यात काही वावगं नाही, माल तुमचा आहे. पण मग उरलेला निव्वळ ओला आणि घाण कचरा रात्री शटर ओढताना कोपऱ्यावर ठेवून जाणं बरोबर नाही. सकाळी कुत्री तो रस्त्याभर पसरवतात आणि नाव होतं समोरच्या सोसायटीचं. फुलवाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी पाला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नये, क्रेटमध्येच द्यावा. शहाळीवाल्यांचा प्रश्न खरा आहे, कारण शहाळी साध्या खड्ड्यात महिनोन् महिने कुजत नाहीत. त्यासाठी तुकडे करणारं यंत्र लागतं. एखाद्या बँकेने किंवा कंपनीने ते द्यायची तयारी दाखवली तर आमच्या यादीत ते शेडच्या खालोखाल आहे. सलूनमधले केस, गॅरेजमधली तेलकट चिंधी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या बॅटऱ्या, हे घरच्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत. बॅटरी दबून गोणीत पेट घेऊ शकते, म्हणून ती वेगळ्या डब्यातच द्या. आणि शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायची अट २०१६ पासूनच आहे. हळदीकुंकू असो, नगरसेवकांचा वाढदिवस असो की मंडळाचा महाप्रसाद.

आता मदतीचं. प्रत्येक फ्लॅटमागे एकदाच २०० रुपये आणि प्रत्येक दुकानामागे ५०० रुपये, असं आम्ही सुचवतो आहोत. जास्त देऊ शकणाऱ्यांनी जास्त द्यावं. ज्यांना हेही जड असेल त्यांनी मनाला लावून घेऊ नये, त्यांच्याकडून वेगळा केलेला कचरा हीच वर्गणी. पैसे सोसायटीच्या कार्यालयातच, छापील पावती घेऊन द्या. दारावर येऊन कुणी रोख मागितली तर ती व्यक्ती आमची नाही, असं समजा. पत्रे आणि अँगलची तिन्ही कोटेशनं सोसायटीच्या सूचनाफलकावर लावली आहेत. यापेक्षा स्वस्तात चांगला फॅब्रिकेटर कुणाच्या ओळखीत असेल तर जरूर सांगा. हिशेब दर महिन्याला त्याच फलकावर लागेल, शिल्लक उरलीच तर रेनकोट आणि गमबूटांसाठी जाईल.

वस्तूही चालतील, पण चालणाऱ्याच. हातमोजे हवेत ते रबरी आणि जाड, दवाखान्यातले पातळ नकोत, तासाभरात फाटतात. रेनकोट पँट-शर्टाचा हवा, कारण छत्री धरून गाडी ढकलता येत नाही. कुणाच्या घरी लाकडी दरवाजा किंवा जाड प्लायचा पत्रा पडून असेल तर टेबलासाठी उपयोगी आहे. जुने कपडे, फुटक्या बादल्या आणि देव्हाऱ्यातले जुने फोटो कृपया आणू नका. मागच्या वेळी मदतीच्या नावाने जे आलं, ते पुन्हा गाडीत भरून पाठवायला आम्हालाच माणूस लावावा लागला.

पैसे आणि वस्तू यांच्याइतकीच गरज वेळेची आहे. प्रत्येक इमारतीतून एक जण हवा, जो आठवड्यातून एकदा सकाळी अर्धा तास खाली उभा राहील आणि वेगळा न केलेली पिशवी त्याच घरी परत पाठवायला मावशींना पाठबळ देईल. मावशी एकट्याने पिशवी नाकारतात तेव्हा त्यांना काय काय ऐकावं लागतं, ते जिन्यात सगळ्यांनी ऐकलेलं आहे. शेजारच्या काकूंनी तेच सांगितलं की आवाज आपोआप खाली येतो. निवृत्त मंडळींनी मनावर घेतलं तर एका पावसाळ्यात घडी बसेल. गच्चीवर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात ओल्याचं खत करणाऱ्या सोसायट्यांना महापालिकेच्या मिळकतकरात सवलत मिळते. त्याचा अर्ज भरायला आमचे एक सदस्य मदत करतील.

शेड उभी करायला पैसे जमल्यापासून साधारण तीन आठवडे लागतील असं फॅब्रिकेटर सांगतात, आणि मे निम्मा सरत आला आहे. म्हणून पावत्या या महिन्याच्या अखेरीपर्यंतच फाडणार आहोत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता जागेवरच सगळ्यांनी यावं. आराखडा खडूने जमिनीवर आखून ठेवू. ज्यांना वास येईल, डास होतील, घराची किंमत उतरेल अशी शंका आहे, त्यांनी तर नक्की यावं. शेडमध्ये फक्त सुका कचरा येणार आहे, ओल्याचा कणही नाही, आणि रात्री मुक्कामाला गोणी राहणार नाही. हे लेखी हवं असेल तर लेखी देऊ.

आपले नम्र,
रहिवासी, दुकानदार आणि कचरावेचक यांची परिसर समिती

ता. क.: वजनकाटा मिळाला आहे, दोघांनी दिला. कृपया आता वजनकाटा आणू नये. नळासाठी प्लंबर मात्र अजून हवा आहे.