मे महिन्यात का येत नाही

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

या मेमध्ये येणार नाही म्हटल्यावर बाबांचा आवाज उतरला, ते फोनवरही कळलं. तेव्हा धड कारण सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

या वर्षी माझ्या हाताखाली एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे. तिला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप मिळाली आहे. 1979 पासून चालू असलेली योजना आहे ही. विद्यार्थ्याने आपला प्रश्न ठरवायचा, गाइडबरोबर दोन महिने काम करायचं आणि अहवाल पाठवायचा. अहवाल मंजूर झाला तरच स्टायपेंड आणि प्रमाणपत्र. बाकीची मुलं सुट्टीला घरी गेली. ही रोज सकाळी सातला आमच्या ग्रामीण केंद्राच्या गाडीत असते आणि तिच्याबरोबर मी.

तिचा प्रश्न ऐकलास तर, आई, तुला तो तुझाच वाटेल: गरोदर बाई लोहाच्या गोळ्या मध्येच का सोडते? रोज एक लाल गोळी, 180 दिवस, फुकट मिळते. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला.

अभ्यासाला किती जणी लागतील, याच्या सूत्राप्रमाणे 100 बायका हव्या होत्या. आधी दहाजणींवर प्रश्नावली तपासून पाहिली. "गोळ्या नियमित घेता का?" दहाही जणी म्हणाल्या, "घेते की." पोरगी खूश. मला मात्र तू आठवलीस. उपकेंद्राच्या गावांत फिरताना तू कधी असं विचारायची नाहीस. पाणी मागायचीस, ओट्यावर टेकायचीस, पापणी खाली ओढून बघायचीस आणि मग म्हणायचीस, "पाकीट दाखव बघू." मी सात-आठ वर्षांची, तुझा पदर धरून उभी.

आम्ही प्रश्न बदलला आणि संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला तसं कळवलं. आता ती पाकीट मागते, उरलेल्या गोळ्या मोजते आणि मग शांतपणे कारण विचारते. गोळ्या पिठाच्या डब्यामागे सापडतात, देव्हाऱ्यात सापडतात. कुणाला मळमळतं, कुणाला काळी शौचाला होते म्हणून भीती वाटते, कुणाच्या सासूने सांगितलेलं असतं की बाळ काळं होईल. बऱ्याच जणी चहाबरोबर घेतात. चहाने लोह अंगी लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि हा बीड जिल्हा. ऊसतोडीहून परतलेल्या बायका आता कुठे घरी टेकल्यात. परवा सातव्या महिन्यातली एक म्हणाली, "मॅडम, पहाटे उठून फडात जायचं, पोटात काही नाही, गोळी घेतली की उलटी. उलटी झाली तर मोळ्या कोण बांधणार?" आमच्या प्रश्नावलीत याला रकानाच नव्हता. पोरीने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि गाडीत बसल्यावर कितीतरी वेळ काही बोलली नाही. आता आम्ही ऊसतोडीला गेलेल्यांचा हिशेब वेगळा ठेवतोय. यादीतल्या कितीतरी जणी बाळंतपणाला माहेरी गेल्यात, त्यामुळे 100 भरायला उशीर होतोय. म्हणून रजा नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, एवढ्याशा अभ्यासाने काय होणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि प्रत्येक जन्म-मृत्यू नोंदवला. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी बाळ बघायला येते, त्यामागे ती मोजणी आहे. आमचं काम त्यापुढे फार लहान आहे, ठाऊक आहे मला. पण आईने तीस वर्षं पाकिटं पाहिली आणि ते कुठेच छापून आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येते. त्या पोरीलाही घेऊन येईन, तिला आईला भेटायचंय. बाबा, आंबे संपले तरी चालतील, पण उन्हात बाजारात जाऊ नका आणि बीपीची गोळी चुकवू नका.

आई, गोळ्या सोडलेल्या बायकांची नावं तू एका वहीत लिहायचीस ना, लाल पुठ्ठ्याच्या? माळ्यावरच्या पेटीत असेल. काढून ठेव.

तुमची,
ताई

ता. क. पेटी उतरवायला शेजारच्या पोराला बोलव. स्वतः स्टुलावर चढू नकोस.