बाबांच्या सायकलीला नवे टायर

सांगली,
दि. १२ जून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या स्टेशनखालचा सायकलतळ पाहून आल्याचे सांगत होतात, तेव्हाच इथे मृगाच्या पहिल्या सरीने वीज गेली आणि तुमचे बोलणे अर्धवट राहिले. तरी "आपली माणसं आळशी झाली, चार पैसे हाती आले की पाय चालेनासे होतात," एवढे मला स्वच्छ ऐकू आले. ते मला पटलेले नाही. फोनवर तुमच्याशी नीट वाद घालता येत नाही, कारण आई मध्येच "जेवलीस का?" म्हणून विचारते. म्हणून हे पत्र दादाच्या मेलवर पाठवते आहे. तो तुम्हाला मोठ्या अक्षरात छापून देईल.

एका छताखाली १२,५०० सायकली पाहून कोणीही थक्क होईल. पण पैसा आला की सायकल सुटते, हे खरे असते तर ती तिथे सर्वांत आधी सुटली असती. तिथला माणूस आपल्यापेक्षा कितीतरी सधन आहे, त्याच्या दारात बहुधा मोटारही उभी असते, आणि तरीही शंभर वेळा घराबाहेर पडला तर साधारण २७ वेळा तो सायकलच काढतो. देशात माणसांपेक्षा सायकलीच जास्त आहेत. उलट पलीकडच्या इंग्लंडात हवा तशीच पावसाळी, सुबत्ताही तशीच, पण हे प्रमाण शंभरात जेमतेम दोनच्या आसपास आहे. मधला अरुंद समुद्र ओलांडताच माणसे आळशी होतात, असे तुम्हीसुद्धा म्हणणार नाही. आणि तिथली जमीन सपाट असते, हे कारण सांगलीकराने तरी देऊ नये. गावभागातून निघून मिरजेपर्यंत दम लागेल असा चढ मला तरी आठवत नाही.

मला वाटते, फरक रस्त्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तिथेही मोटारींनी सायकलींना कडेला ढकलले होते. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईवडील रस्त्यावर उतरले. त्यांच्या आंदोलनाचे नावच 'मुलांची हत्या थांबवा' असे होते. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारला काही रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोकळा रस्ता कसा असतो, ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मला सर्वांत आवडते ती मात्र ग्रोनिंगेन शहराची युक्ती. १९७७ साली त्यांनी शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले आणि मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाण्याची वाटच ठेवली नाही. तिने बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून यायचे आणि सायकलने मात्र सरळ जायचे. कोणाला उपदेश केला नाही, की आरोग्याचे फलक लावले नाहीत. सायकलने लवकर पोहोचता येते, हे कळल्यावर माणसे आपोआप सायकल काढू लागली. दादाला सुट्टी मिळाली तर तुम्ही दोघे ते शहर अवश्य पाहून या.

राहिली आपली माणसे. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात, हे विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे तेरा जण सायकलने जात होते. पुढे २०१९ ते २०२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्या घरांत सायकल आढळली, आणि पश्चिम बंगालमध्ये तर पाचांपैकी जवळजवळ चार घरांत. सकाळी साडेसातला कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीकडे तोंड करून उभे राहिलात, तर डबा हँडलला अडकवून निघालेली माणसे तुम्हालाही दिसतील. सायकल आपल्याकडून गेलेली नाही, बाबा. ती आपल्यासारख्यांच्या घरांतून गेली आहे आणि ज्यांना दुसरा उपाय नाही, त्यांच्याकडे राहिली आहे. म्हणूनच तिच्यासाठी रस्ता मागायला कोणी जात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले, तेव्हा ती मोठ्या माणसाची चैन होती. तुमच्या नोकरीच्या काळात ती कारकून-मास्तरांची झाली, आणि आता सायकलवरच्या माणसाला रिक्षावाला सरळ "ए" म्हणून बाजूला करतो.

आणि एक गोष्ट तुम्ही नेहमी वेगळी सांगता. आईला स्कूटीची हौस होती म्हणून तिने सायकल सोडली, असे तुम्ही पाहुण्यांना हसत सांगता. मी तेव्हा तिसरीत होते आणि कॅरिअरवर बसले होते. मिरज रस्त्यावर एक ट्रक हँडलला घासून गेला, आम्ही दोघी कडेच्या मातीत पडलो आणि आईच्या शाळेच्या वह्या रस्ताभर पसरल्या. त्या संध्याकाळनंतर तिने सायकल बाहेर काढली नाही. आई, तू त्याबद्दल कधी बोलत नाहीस, पण त्याला आळस म्हटलेले मला ऐकवत नाही. मीसुद्धा ऑफिसला स्कूटरनेच जाते, आणि त्याचे कारणही तेच आहे.

तुम्हाला तिथे सायकल चालवायचीच असेल, तर तीन गोष्टी पाळा. दादाच्या जुन्या सायकलीला हाताचा ब्रेक नाही, पायडल मागे दाबले की ती थांबते. आधी घरासमोर सराव करा. वाहतूक उजवीकडून असते. आणि शेजारच्या आजोबांची बॅटरीवरची सायकल मागू नका. तिथेही सायकलवरच्या अपघातांत दगावणाऱ्यांत उतारवयातली माणसेच जास्त असतात.

तुमची जिन्याखालची सायकल मी दुरुस्त करून आणली आहे. टायर-ट्यूब दोन्ही नवे घातले, चेन बदलली, डायनॅमो मात्र मिस्त्रीने हात जोडून परत दिला. पाऊस नसेल त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी ती बाहेर काढते आणि रहदारी सुरू होण्याआधी घरी येते. सीट माझ्या उंचीसाठी दोन बोटे खाली घेतली आहे; तुम्ही आलात की पुन्हा वर करून घेऊ.

तुमची,
मृणाल