फोन आपोआप लागायचा, बिल मात्र आम्हाला यायचं

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत डायल-अपच्या, म्हणजे फोन लावून नेट जोडायच्या दिवसांच्या आठवणी वाचल्या, मजा आली, पण त्यात म्हटलंय की तेव्हा दरवेळी हाताने कनेक्ट करायला लागायचं, तेवढं काही बरोबर नाही हो. १९९८च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना इंटरनेट द्यायची मुभा मिळाली आणि नंतर गावोगाव कॅफे निघाले, तसाच साताऱ्यात माझाही होता, फोनची लाइन एक, त्या लाइनीवर नेट आणणारा मोडेम एक आणि विंडोज ९८ची चार मशीनं. मधे एका जुन्या ४८६ कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं, फोन लावायचं काम त्याचं.

पीपीपीडी नावाचा प्रोग्राम असतो, त्याच्या ऑप्शन्स फाइलमधे डिमांड लिहिलं की कोणी पेज उघडलं की तो स्वतःच नंबर फिरवतो, आणि आयडल ३०० लिहिलं की ५ मिनिटं कोणी काही केलं नाही तर फोन ठेवून देतो. ऐकायला सोपं, पण खरी गोम पत्त्यात, म्हणजे नेटवर आपलं मशीन ओळखायच्या नंबरात. आयपी अ‍ॅड्रेस दरवेळी नवा मिळणार आणि तो मिळणार फोन लागल्यावर, म्हणून पीपीपीडी तोवर १०.६४.६४.६४ असा एक खोटाच पत्ता लावून बसतो. मग ज्या पॅकेटमुळे (नेटवर माहिती अशा पुडक्यांतून जाते) फोन लागला ते पॅकेट तोच खोटा पत्ता घेऊन बाहेर पडायचं, त्याचं उत्तर कुठून येणार? पहिलं पेज लटकायचं, गिऱ्हाईक म्हणायचं नेट बंद आहे आणि उठून जायचं. त्यावर लिनक्समधे आयपी-डायनअ‍ॅडर म्हणून एक स्विच आहे, तो १ केला की जोडणी अर्धवट असेल, म्हणजे समोरून अजून उत्तर आलं नसेल, तर तेच पॅकेट परत जाताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यात नवा पत्ता घालतो. हे कळायला मला दोन महिने लागले, मराठीत तर सोडाच, इंग्रजीतही समजावून सांगणारं आसपास कोणी नव्हतं.

मग बिल आलं. कॅफे रात्री बंद असताना कॉल लागलेले! मला वाटलं कोणीतरी लाइनवर आकडा टाकला, टेलिफोन एक्स्चेंजमधे जाऊन भांडूनही आलो (त्यांचा त्यात काही दोष नव्हता, हे आता कबूल करतो). नंतर लिनक्सच्या नोंदींचा लॉग बघितला तर चोर घरातलाच, मी एक विंडोज मशीन चालू ठेवून जायचो आणि ते बसल्या बसल्या आपल्या वर्कग्रुपचं (कॅफेतल्या मशीनांच्या गटाचं) नाव डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारायचं, तो प्रश्न बाहेर जायला निघाला की लिनक्स इमानदारीत फोन लावणार. बिलात ३ मिनिटांचा एक कॉल धरायचे तेव्हा, आणि आमचं आयडल ५ मिनिटांचं, म्हणजे एका फुकटच्या प्रश्नाला दोन कॉल!

शेवटी लिनक्सवरच डीएनएस बसवला, घरातल्या नावांची उत्तरं घरातच द्यायला लागलो, आणि रात्रीचे कॉल थांबले. तरी कुलूप लावताना मोडेमची वायर उपसून खिशात घालायची सवय काही गेली नाही, कॅफे बंद करेपर्यंत.

– एक जुना कॅफेवाला, सातारा