सायकलफेरी कर्करोग संशोधनासाठी असेल, तर संशोधनाला किती गेले तेही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडू लागली की पुण्यात लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांचे फलक झळकू लागतात. गेल्या काही वर्षांत त्यांतील बऱ्याच फलकांवर ‘कर्करोगाशी लढ्यासाठी’ किंवा ‘कर्करोग संशोधनाच्या मदतीसाठी’ असे शब्द असतात. मी स्वतः अशा फेऱ्यांत भाग घेते आणि त्यांच्यासाठी ओळखीपाळखीच्या लोकांकडे देणगीही मागते. फेऱ्या बंद व्हाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. मात्र फेरीच्या नावावर जमणारा पैसा आणि प्रत्यक्ष संशोधन यांची गाठ कुठे पडते, हे जाहीरपणे विचारण्याची वेळ आली आहे, म्हणून हे पत्र.

मी भाग घेतलेल्या एका फेरीचा मार्ग पुणे ते महाबळेश्वर असा होता. आयोजकांचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न एकट्या त्यांचा नाही. नोंदणी शुल्क घसघशीत होते आणि त्याच्या मोबदल्यात जर्सी, बिब नंबर, वाटेत केळी, चिक्की, मीठ-साखरेचे पाणी आणि शेवटी पदक असे सारे यथास्थित मिळाले. खंबाटकीच्या चढावर एकाची चेन तुटली, तेव्हा मागून येणारी मदतीची गाडीही लगेच हजर झाली. पण सहभागींना दिलेल्या पिशवीत गव्हांकुराच्या पावडरीचे एक पत्रक निघाले आणि त्यावर ‘कर्करोग मुळापासून बरा’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. संशोधनासाठी निघालेल्या फेरीत हे पत्रक कोणाच्या परवानगीने आले, हे कोणी सांगू शकले नाही. पुढे मी ईमेलने विचारले की, एकूण किती निधी जमला, त्यातून किती रक्कम कोणत्या संस्थेला दिली आणि ती कोणत्या कामासाठी दिली? उत्तर एका ओळीचे आले: ‘जनजागृती हाच आमचा मुख्य उद्देश आहे.’

जनजागृती वाईट नाही. तंबाखू सोडा, तोंडातला पांढरा चट्टा अंगावर काढू नका, असे सांगायला कोणी शिरवळच्या चौकात उभे राहिले तर त्याचे स्वागतच करायला हवे. परंतु पहाटे पाच वाजता हेल्मेट घालून कात्रजच्या जुन्या बोगद्यातून निघालेले शेकडो सायकलस्वार नेमके कोणाला जागे करतात, हे मला तरी उमगलेले नाही. आणि जागृतीच करायची असेल, तर फलकावर ‘संशोधन’ हा शब्द घालून लोकांकडून पैसे घेण्याचे कारण उरत नाही.

देणगी मागायला गेले असता आमच्या सोसायटीतील एका काकांनी मला सरळ विचारले होते, “सायकल तू चालवणार, व्यायाम तुझा होणार, मग पैसे मी कशाला द्यायचे?” प्रश्न पुणेरी असला तरी गैरलागू नव्हता. मी दहा घाट चढले म्हणून कोणत्याही प्रयोगशाळेत एक परीक्षानळीसुद्धा वाढत नाही. कष्ट हे फक्त मागण्याचे निमित्त असते. नुसते पावतीपुस्तक घेऊन दारात गेल्यास लोक “नंतर या” म्हणतात, पण “इतके किलोमीटर जाणार आहे, किलोमीटरमागे दहा रुपये द्या” म्हटले की थांबून ऐकतात, थट्टा करतात आणि बहुतेक वेळा देतातही. काकांनीही दिले. त्यांनी दिलेल्या रुपयातून माझी जर्सी आणि माझे पदक यांचा खर्च भागत असेल, तर मात्र त्यांचा प्रश्न बरोबर होता, असेच म्हणावे लागेल.

हा उपक्रम जिथे सचोटीने मोठा झाला, तिथे नेमकी हीच गोष्ट आधी सोडवलेली दिसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बिली स्टार यांनी १९८० मध्ये ‘पॅन-मास चॅलेंज’ ही सायकलफेरी सुरू केली. १९७४ मध्ये त्यांच्या आईचा त्वचेच्या कर्करोगाने मृत्यू झाला होता. पहिल्या वर्षी ३६ सायकलस्वार होते आणि त्यांनी बोस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर जमवले. आज तिथे हजारो जण भाग घेतात आणि २०२४ मध्ये एकूण जमा रक्कम १ अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. तिथला एक लांबचा मार्ग दोन दिवसांत सुमारे ३०० किलोमीटरचा आहे, जो आपल्याकडील ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी, करणाऱ्यांना फारसा अवघड वाटणार नाही. शिस्त आहे ती पैशांची. प्रत्येक सायकलस्वाराने किमान किती निधी आणायचा हे आधीच ठरलेले असते आणि तो कमी पडला तर फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. सायकलस्वारांनी जमवलेला प्रत्येक डॉलर संस्थेकडे जातो, तर फेरीचा खर्च प्रायोजक आणि नोंदणी शुल्क यांतून भागवला जातो. देणगीदाराला एवढे एकच वाक्य ठामपणे सांगता आले की मागणाऱ्याचे काम निम्मे होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. अमुक मुलाच्या उपचारासाठी पाच लाख हवेत म्हटले की मराठी माणूस हात आखडता घेत नाही, पण ‘संशोधनासाठी द्या’ म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. संशोधन म्हणजे परदेशातील कंपन्यांचे काम, असा समजही त्यामागे आहे. वस्तुस्थिती अशी की, ज्या संशोधनातून कोणालाही नफा मिळण्याजोगा नसतो, त्याला कंपनी पैसा देत नाही, आणि गरीब रुग्णांना सर्वाधिक उपयोग नेमका त्याच संशोधनाचा होतो. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीच्या भोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले, तर पुढे काय फरक पडतो, हे त्यांनी सुमारे १६०० स्त्रियांवर तपासले. लिग्नोकेन म्हणजे दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात तेच जुने, स्वस्त औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के होते. जे औषध कोणत्याही कंपनीच्या मालकीचे उरलेले नाही, त्यावर दशकभर चालणारी चाचणी कोणती कंपनी करील?

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कोणती तपासणी उपयोगी पडते, हे पाहिले गेले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांचा त्यात सहभाग होता. एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. असल्या कामात पैसा लागतो तो गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या पगाराला, जीपच्या डिझेलला, नमुने थंड ठेवण्याला आणि वर्षानुवर्षे नोंदी सांभाळण्याला. देणगी मागताना मी आता धाराशिवची हीच हकिगत सांगते. ती सांगितली की संशोधन म्हणजे काय, हे वेगळे समजावावे लागत नाही.

आणि पुण्याला यासाठी लांब जाण्याचीही गरज नाही. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान संस्था आहे, आणि दोन्हीकडे कर्करोगावर काम चालते. सायकलस्वार तर इथे मुबलक आहेत. साडेतेरा तासांत २०० आणि चाळीस तासांत ६०० किलोमीटरची ब्रेव्हे पुरी करणारे, पंढरपूरला सायकलवरून जाणारे, रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी पोह्यांसाठी गर्दी करणारे, असे सर्व वयांचे लोक आहेत. उणीव असलीच तर हिशेबाची आहे. ज्या गणेश मंडळांना आपण उठता बसता नावे ठेवतो, त्यांना वर्गणी गोळा करण्यापूर्वी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते. आमच्या जुन्या पेठेतील मंडळाच्या वार्षिक अहवालात तर मांडववाल्याच्या बिलापासून प्रसादाच्या नारळापर्यंत सारे छापलेले असे. सायकलफेरीच्या आयोजकांकडून याहून कमी अपेक्षा का ठेवावी?

तेव्हा माझी सूचना अशी आहे की, फलकावर ‘संशोधन’ हा शब्द लिहिणाऱ्या प्रत्येक आयोजकाने नोंदणी सुरू करण्याआधीच निधी कोणत्या संस्थेच्या कोणत्या प्रकल्पाला जाणार, हे त्या संस्थेच्या संमतीपत्रासह जाहीर करावे. नोंदणी शुल्क आणि देणगी यांची खाती वेगळी ठेवावीत. देणगी शक्यतो थेट संशोधन संस्थेच्या खात्यात जमा व्हावी, म्हणजे देणाऱ्याला आयकराची पावतीही तिथूनच मिळेल आणि मधल्या हातांचा संशयच उरणार नाही. फेरीनंतर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च प्रसिद्ध व्हावा. पिशवीत कोणती पत्रके घालायची, हे एखाद्या कर्करोगतज्ज्ञाला दाखवून मगच ठरवावे. हे जमत नसेल, तर त्यांनी खुशाल ‘थंडीतील सायकल सहल’ असे नाव द्यावे. मी तिथेही येईन, पण सोसायटीतल्या काकांकडे पैसे मागायला जाणार नाही.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. फेरीच्या दुसऱ्या दिवशी झेंडा दाखवणाऱ्या प्रमुख पाहुण्यांचे छायाचित्र आपण छापता, ते अवश्य छापावे. त्याच बातमीत जमलेली रक्कम आणि ती घेणाऱ्या संस्थेचे नाव द्यावे, आणि आयोजकांनी ते सांगितले नसेल, तर त्यांनी सांगितले नाही असे छापावे.

आपली,
एक सायकलस्वार वाचक,
सहकारनगर, पुणे